इजिप्तचे इंटरनेट : बाजारासाठी खुले, रयतेसाठी बंद

2011च्या जानेवारीतील इजिप्तच्या उठावाचा विषय निघाला की आपल्याकडे ‘फेसबुक क्रांती’ हा शब्द आपोआप तोंडात येतो. हा शब्द मला कधीच पटला नाही. एक तर त्यात रस्त्यावर मेलेल्या माणसांपेक्षा एका अमेरिकी कंपनीच्या पदरात जास्त श्रेय पडते. दुसरे म्हणजे त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. ज्या तारांवरून फेसबुक चालत होते, त्या तारा होस्नी मुबारक यांच्या सरकारनेच घातल्या होत्या. नाइलाजाने नव्हे, तर ठरवून, योजना आखून आणि जगभर जाहिरात करून. पुढे 27 जानेवारीची रात्र उलटताना त्याच सरकारने सगळ्या देशाचे इंटरनेट बंद केले. घालणारा आणि कापणारा हात एकच होता. या दोन कृत्यांमधली नऊ-दहा वर्षे नीट पाहिली, तर सरकार आणि इंटरनेट यांच्या नात्याबद्दल बरेच काही कळते.

आमच्या घरांत या देशाला आजही मिस्र म्हणतात. हजरत युसूफ आणि हजरत मुसा यांच्या गोष्टींतून तो लहानपणीच ओळखीचा होतो. मात्र फिरऔनच्या पुढचा मिस्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाचनात असतो.

नव्वदच्या दशकात या देशाची कमाई मोजक्याच गोष्टींवर होती : सुएझ कालव्याचे भाडे, पर्यटक, थोडे तेल-वायू आणि आखातात राबणाऱ्या लोकांनी घरी पाठवलेला पैसा. दुसरीकडे विद्यापीठांतून दरवर्षी लाखो पदवीधर बाहेर पडत होते आणि सरकारी नोकऱ्या आटत चालल्या होत्या. मंत्रिमंडळाच्या हाताखाली 1985 मध्ये एक माहिती आणि निर्णय साहाय्य केंद्र सुरू झाले होते. 1993 मध्ये विद्यापीठांच्या जाळ्यातून इंटरनेट देशात आले आणि 1996 पासून खासगी कंपन्यांना ते विकण्याची मुभा मिळाली. पण खरी हालचाल 1999 नंतरची. त्या वर्षी दळणवळण आणि माहिती तंत्रज्ञान असे स्वतंत्र मंत्रालय निघाले आणि अहमद नझीफ त्याचे पहिले मंत्री झाले. नझीफ हे कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेले अभियंते. पक्षाच्या सभांतून वर आलेला पुढारी तो नव्हे.

त्यांनी 2002 च्या सुरुवातीला काढलेली ‘मोफत इंटरनेट’ योजना मला आजही कल्पक वाटते. महिन्याची वर्गणी रद्द. घरातल्या साध्या टेलिफोनवरून ठरावीक क्रमांक फिरवायचा, इंटरनेट सुरू. ग्राहकाला खर्च फक्त लोकल कॉलचा, आणि त्या कॉलच्या पैशांतला वाटा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला. म्हणजे सरकारच्या तिजोरीवर मोठा भार नाही, कंपनी खूश, ग्राहक खूश. आपल्याकडे तेव्हा सायबर कॅफेत घड्याळाकडे पाहत मेल उघडण्याचे दिवस होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘घरोघरी संगणक’ ही दुसरी योजना आली. हप्त्यावर संगणक घ्या, तारण म्हणून तुमचे टेलिफोन कनेक्शन. हप्ता बुडवला तर फोन तुटेल. पगारपत्रक किंवा जामीनदार नसलेल्या कुटुंबालाही यातून संगणक मिळू शकत होता.

2003 मध्ये कैरो–अलेक्झांड्रिया महामार्गावर वाळवंटाच्या कडेला ‘स्मार्ट व्हिलेज’ उभे राहिले. हिरवळ, कारंजी, काचेच्या इमारती आणि त्यांत मायक्रोसॉफ्ट, व्होडाफोन यांसारख्या कंपन्यांची कार्यालये. नावात व्हिलेज, पण आजूबाजूच्या खेड्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. 2004 मध्ये इलेक्ट्रॉनिक सहीचा कायदा झाला. इंग्रजी-फ्रेंच बोलणारी तरुण मुले युरोपातल्या ग्राहकांचे फोन घेऊ लागली. त्याच वर्षी जुलैत नझीफ थेट पंतप्रधान झाले. जागतिक बँकेच्या व्यवसाय-सुलभतेच्या 2008 च्या अहवालात इजिप्त सुधारणा करणाऱ्या देशांत पहिला आला. 2010 संपताना देशात सुमारे दोन कोटी लोक इंटरनेट वापरत होते. कोणत्याही सल्लागार कंपनीने आदर्श उदाहरण म्हणून छापावे, अशी ही वाटचाल होती.

फक्त एक कलम कोणी फारसे वाचले नाही. दूरसंचार क्षेत्र खुले करणारा 10 क्रमांकाचा कायदा 2003 मध्येच आला. गुंतवणूकदारांना आश्वस्त करणाऱ्या त्या कायद्याच्या 67 व्या कलमात लिहिले होते की, नैसर्गिक आपत्ती, युद्धसज्जता किंवा राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न आला तर सर्व दूरसंचार सेवा सरकार आपल्या ताब्यात घेऊ शकते. परवाना घेताना परदेशी कंपन्यांनी ही अट मान्य केली होती. इंटरनेट कापायची कात्री दुकान उघडताना सहीशिक्क्यानिशी गल्ल्याखाली ठेवलेली होती.

एक गोष्ट मात्र मुबारक सरकारच्या बाजूने नोंदवली पाहिजे. शेजारच्या ट्युनिशियात किंवा सौदी अरेबियात संकेतस्थळांवर जशी चाळणी लावलेली होती, तशी इजिप्तमध्ये जवळजवळ नव्हती. हे काही लोकशाहीप्रेमापोटी नव्हते. गुंतवणूकदाराला मोकळे इंटरनेट दाखवायचे होते, म्हणून तारेला हात लावायचा नाही. तारेवर नको ते लिहिणाऱ्या माणसाला उचलायचे, अशी ती पद्धत होती. करीम आमेर या नावाने लिहिणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या विद्यार्थ्याला फेब्रुवारी 2007 मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षे इस्लामचा अवमान केल्याबद्दल आणि एक वर्ष राष्ट्राध्यक्षांचा. त्याचे लिखाण अनेक श्रद्धावंतांना बोचणारे होते, यात शंका नाही. पण ज्या सरकारच्या कोठड्यांत दाढीवाल्यांना उलटे टांगले जात होते, त्याला धर्माचा असा कळवळा यावा आणि त्या कळवळ्याला राष्ट्राध्यक्षांच्या अब्रूची शेपटी जोडलेली असावी, यात जो अर्थ आहे तो आपल्या लोकांनी ओळखायला हवा.

वाइल अब्बास नावाच्या ब्लॉगरने 2006 मध्ये पोलीस कोठडीत एका मिनीबस चालकाच्या छळाची चित्रफीत लोकांसमोर आणली. ती खुद्द पोलिसांनीच त्या माणसाला अपमानित करण्यासाठी मोबाइलवर काढली होती. गदारोळ इतका झाला की दोन पोलिसांना तीन वर्षांची शिक्षा झाली. त्याच सुमारास, नोव्हेंबर 2007 मध्ये, यूट्यूबने अब्बास यांचे खाते बंद केले, कारण चित्रफिती हिंसक होत्या. ओरड झाल्यावर ते परत सुरू झाले. कंपनीच्या नियमपुस्तकाला छळाचा पुरावा आणि छळाची करमणूक यांतला फरक कळत नव्हता.

डिसेंबर 2006 मध्ये नाईलच्या खोऱ्यातल्या महल्ला अल-कुब्रा या गिरणीगावात संप झाला. पहिल्यांदा काम थांबवून बाहेर पडल्या त्या बायका. ही गिरणी बँक मिस्रच्या तलाअत हर्ब यांनी 1927 मध्ये उभारलेली, पुढे सरकारी झालेली. गिरणगावाच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत, त्यांना वेगळे काही सांगायला नको. 6 एप्रिल 2008 ला तिथल्या कामगारांनी पुन्हा संपाची हाक दिली, तेव्हा कैरोतल्या इस्रा अब्देल फत्ताह आणि अहमद माहेर या तरुणांनी पाठिंब्यासाठी फेसबुकवर गट काढला. सुमारे 70 हजार लोक त्यात आले. आधी गिरणी होती आणि मग फेसबुक, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. इस्रा यांना अटक झाली. सरकारने तारेला हात लावला नाही, माणसाला उचलले.

6 जून 2010 ला अलेक्झांड्रियात खालिद सईद या 28 वर्षांच्या तरुणाला पोलिसांनी एका सायबर कॅफेतून ओढून बाहेर काढले आणि मारून टाकले. त्याच्या विद्रूप झालेल्या चेहऱ्याचे छायाचित्र पसरले आणि ‘आम्ही सगळे खालिद सईद’ हे पान निघाले. ते काढणारे वाइल घोनीम दुबईत गुगलच्या मध्यपूर्व विभागाच्या मार्केटिंगचे प्रमुख होते. म्हणजे नझीफ यांच्या योजनांना जसा तरुण घडवायचा होता, अगदी तसाच हा माणूस. पुढे ‘रिव्होल्यूशन 2.0’ या आपल्या पुस्तकात त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे की, वस्तू विकण्याचे जे टप्पे ते कामावर शिकले होते तेच त्यांनी या पानासाठी वापरले. आधी लोकांना पानावर आणायचे, मग छोटासा प्रतिसाद द्यायला लावायचे, मग स्वतः काही पाठवायला, आणि शेवटी रस्त्यावर उतरायला. व्यापाराचे शास्त्र राजकारणात असे शिरले. नोव्हेंबर 2010 मध्ये ऐन निवडणुकीच्या तोंडावर फेसबुकने हे पान काही काळ बंद केले, कारण चालवणाऱ्याने खरे नाव दिले नव्हते. खरे नाव दिले असते तर तो तुरुंगात गेला असता. कंपन्यांना क्रांतीचे जनक म्हणणाऱ्यांनी हेही आठवावे.

14 जानेवारी 2011 ला ट्युनिशियाचे बेन अली पळाले. 25 जानेवारीला, इजिप्तच्या पोलीस दिनी, मोर्चे निघाले. तोवर त्या पानावर साडेतीन लाखांहून जास्त लोक होते. ट्विटर अडवले गेले, मग फेसबुक. पुढची हाक 28 तारखेच्या जुम्याची होती.

त्या जुम्याच्या आदल्या रात्री, कैरोच्या वेळेनुसार साडेबारा वाजून चार-पाच मिनिटांनी, इजिप्त इंटरनेटच्या नकाशावरून नाहीसा झाला. हे तांत्रिकदृष्ट्या कसे घडते ते थोडक्यात सांगतो. जगातले प्रत्येक जाळे इतरांना सतत कळवत असते की, माझ्यापर्यंत यायचा रस्ता हा आहे. गावाच्या फाट्यावर पाटी असावी तसे. त्या रात्री काही मिनिटांत इजिप्तच्या सुमारे साडेतीन हजार पाट्या काढून घेतल्या गेल्या. रेनेसिस या अमेरिकी कंपनीच्या निरीक्षकांनी ते जवळजवळ घडतानाच टिपले. तारा जागेवर होत्या, यंत्रे चालू होती. फक्त जगाला इजिप्तचा पत्ता माहीत नव्हता. हे इतके सोपे का गेले? कारण कंपन्या अनेक दिसत असल्या तरी देशाबाहेर जाणारी वाट जवळजवळ एकाच सरकारी कंपनीच्या, टेलिकॉम इजिप्तच्या हाती होती. आणि तिचे मुख्य केंद्र कैरोच्या रामसेस रस्त्यावरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. तहरीर चौकापासून काही किलोमीटरवर.

सकाळी मोबाइलही बंद पडले. 67 वे कलम दाखवल्यावर आमच्यासमोर पर्याय नव्हता, असे व्होडाफोनने सांगितले.

मात्र सगळे बंद झाले नाही, आणि काय चालू राहिले ते पाहण्यासारखे आहे. नूर ग्रुप या छोट्या कंपनीचे इंटरनेट आणखी तीन-चार दिवस चालू होते. तिच्या ग्राहकांत कैरोचा शेअर बाजार होता. गंमत अशी की बाजार स्वतः 27 तारखेनंतर बंदच होता, तो 23 मार्चला उघडला. तरीही त्याची तार शाबूत होती.

दुसरी चालू राहिलेली गोष्ट आपल्याशी थेट संबंधित आहे. युरोप आणि आशिया यांना जोडणाऱ्या समुद्रातल्या केबली इजिप्तच्या भूमीवरून ओलांडतात, सुएझमधून जहाजे जातात तशाच. त्यांतल्या काही मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात. 30 जानेवारी 2008 ला अलेक्झांड्रियाजवळ अशा दोन केबली तुटल्या तेव्हा भारताची निम्म्याहून अधिक क्षमता गेली होती आणि मुंबई-बंगळूरच्या आउटसोर्सिंग कंपन्यांची धावपळ उडाली होती. 2011 मध्ये मात्र या केबलींना धक्का लागला नाही. कैरोतल्या आईला दुबईतल्या मुलाला मेल पाठवता येत नव्हती. पण मुंबईतून लंडनला जाणारा मजकूर तिच्या पायाखालून सुरळीत जात होता, कारण त्याचे भाडे येत होते. सरकारने इंटरनेट बंद केले हे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. त्याने दोन इंटरनेट वेगळे केले. मालाचे चालू ठेवले, माणसांचे तोडले.

आणि माणसे? त्यांनी जुम्याची नमाज पढली आणि मशिदींतून बाहेर पडून चालायला लागली. जुम्याची वेळ कोणाला मेसेजने कळवावी लागत नाही. कैरोच्या गल्लीगल्लीत एकाच वेळी हजारो माणसे एकत्र येण्याची जागा आधीपासून होती, आणि तिला बंद करण्याचे बटण रामसेस रस्त्यावर नव्हते. त्या गर्दीत ख्रिस्ती होते, डावे होते, वर्षानुवर्षे नमाज न पढलेलेही होते. घरात बसून पडद्यावर बातमी पाहणारे आता बातमीसाठी खाली रस्त्यावर उतरले. येल विद्यापीठातले अभ्यासक नवीद हसनपूर यांनी त्याच वर्षी मांडले की, संपर्क तोडल्याने आंदोलन विझले नाही, उलट तहरीर चौकातून शहरभर पसरले. मला हे पटते. पण या मांडणीत त्या दिवसाची किंमत दिसत नाही. पुढे चौकशी समितीने उठावातील मृतांचा आकडा किमान 846 दिला आणि 28 तारखेचा जुमा त्यातला सर्वांत रक्तरंजित दिवस होता. गोळी लागलेल्या माणसाजवळ उभ्या असलेल्याच्या हातात त्या दिवशी मुका मोबाइल होता.

साध्या टेलिफोनच्या तारा मात्र सरकार विसरले. किंवा मुद्दाम सोडल्या असतील. फ्रान्समधल्या एफडीएन या ना-नफा संस्थेने आपला डायल-अप क्रमांक इजिप्तच्या लोकांसाठी खुला केला. गुगल आणि ट्विटरने फोनवर बोललेला निरोप ट्वीट म्हणून जाण्याची सोय केली. 2002 च्या ‘मोफत इंटरनेट’चीच जुनी युक्ती, फक्त पलीकडचे टोक परदेशात. मोबाइल सुरू झाल्यावर सरकारने व्होडाफोनच्या जाळ्यावरून स्वतःच्या बाजूचे मेसेज लोकांना पाठवले. कंपनीने त्याचा जाहीर निषेध केला, तोही पाठवून झाल्यावर.

2 फेब्रुवारीला इंटरनेट परत आले. 11 तारखेला मुबारक गेले. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेने पाच दिवसांच्या बंदचे थेट नुकसान किमान 9 कोटी डॉलर असल्याचा अंदाज दिला. मे 2011 मध्ये कैरोच्या न्यायालयाने मुबारक, नझीफ आणि गृहमंत्री हबीब अल-अदली यांना मिळून 54 कोटी इजिप्शियन पौंडांचा दंड ठोठावला. त्यात नझीफ यांच्या वाट्याला 4 कोटी आले. ज्यांनी घरोघरी इंटरनेट नेले त्यांनाच ते तोडल्याचा दंड झाला. पण या निकालातला गुन्ह्याचा शब्द पाहा : राष्ट्रीय अर्थव्यवस्थेचे नुकसान. आईपासून मुलगा आणि जखमीपासून रुग्णवाहिका तोडल्याचा हिशेब त्यात नव्हता. 2018 मध्ये वरच्या न्यायालयाने तो दंडही रद्द केला.

आपल्याकडे या बाबतीत हात झटकण्यासारखी परिस्थिती नाही. 1885 च्या तार कायद्याच्या आधाराने 2017 मध्ये सेवा तात्पुरत्या बंद करण्याचे नियम झाले. ऑगस्ट 2019 मध्ये काश्मीरचे इंटरनेट गेले. फोर-जी परत यायला फेब्रुवारी 2021 उजाडला. 10 जानेवारी 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इंटरनेटवरून बोलण्याचे आणि व्यापार करण्याचे स्वातंत्र्य, दोन्हींना घटनेचे संरक्षण आहे. त्यानंतर काश्मीरमध्ये जे सुरू झाले ते टू-जी, आणि तेही सरकारने मंजूर केलेल्या 301 संकेतस्थळांपुरते. समाजमाध्यमे वगळून. नूर ग्रुपची आठवण होते ती इथे. जून 2023 मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून दंगल उसळली आणि इंटरनेट बंद झाले. अफवा रोखायला ते आवश्यक होते, असे म्हणणारे माझे मित्र आहेत आणि त्यांचा मुद्दा मी पूर्णपणे खोडून काढू शकत नाही. पण ज्याच्या गल्लीत दगड पडत आहेत, त्याला पुढच्या गल्लीतल्या बहिणीची खबर घ्यायची असते. अफवेला मोबाइल लागत नाही, खबरीला लागतो.

इजिप्तमध्ये पुन्हा देशव्यापी बंद झाला नाही. 2013 नंतर आलेल्या अब्देल फत्ताह अल-सिसी यांच्या राजवटीने जास्त हुशारीचा मार्ग घेतला. मे 2017 पासून अल-जझीरा, मदा मस्र अशी संकेतस्थळे अडवायला सुरुवात झाली. पुढे ही संख्या शेकड्यांत गेली. 2018 च्या कायद्याने पाच हजारांहून जास्त अनुयायी असलेले कोणाचेही खाते प्रसारमाध्यम ठरले, म्हणजे खोट्या बातमीचे कलम त्यालाही लागू. वाइल अब्बास यांना त्याच वर्षी मे महिन्यात अटक झाली. दुकाने, बँका, कॉल सेंटर यांचे इंटरनेट दरम्यान अधिकाधिक वेगवान होत गेले. मुबारकांनी पाच दिवसांसाठी जे दोन इंटरनेट वेगळे केले होते, ते आता कायमचे वेगळे झाले आहेत आणि त्यासाठी पाट्या काढाव्या लागत नाहीत.

7 जुलै 2025 ला रामसेस रस्त्यावरच्या त्याच एक्सचेंजला आग लागली. आत काम करणारे चार कर्मचारी गेले. कैरोतले फोन, इंटरनेट, कार्डाने पैसे देण्याची यंत्रे कोलमडली. दुसऱ्या दिवशी शेअर बाजारही उघडू शकला नाही.